जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित सपोर्ट थांबवला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरचे संगणक नेहमीप्रमाणेच सुरू झाले. पत्रे टाइप झाली, फोटो उघडले, गाणीही वाजली. तरीही त्या एका तारखेने धडधाकट अवस्थेतील असंख्य यंत्रे 'जुनी' ठरवली. 'विंडोज ११' बसवायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही अट पूर्ण न करणाऱ्या ग्राहकाला दुकानात मिळणारा सल्ला ठरलेला असतो : जुना द्या, नवा घ्या.

याहून जुनी यंत्रेही अनेक घरांत आहेत. टेबलाच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेल्या 'विंडोज एक्सपी'च्या संगणकात आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी असतात, सोसायटीचे दहा वर्षांचे हिशेब असतात, मुलांच्या बारशाचे फोटो असतात. असा संगणक ठेवावा की काढावा, हा प्रश्न घरात निघतो तेव्हा त्याचे उत्तर एका शब्दात शोधले जाते. वस्तुतः हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. यंत्राचे सुटे भाग किती काळ टिकतील, हा पहिला. त्यावरील ऑपरेटिंग सिस्टीम किती काळ सुरक्षित राहील, हा दुसरा. आणि आतला मजकूर किती काळ वाचता येईल, हा तिसरा. या तिघांचे आयुष्य सारखे नसते. त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला, तर बहुतेक घरांत मजकूर वाचतो आणि पुष्कळदा यंत्रही वाचते.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्रुटी सापडत राहतात. कंपनी त्या बुजवणाऱ्या दुरुस्त्या इंटरनेटवरून पाठवते. सपोर्ट संपतो म्हणजे हा पुरवठा थांबतो. 'विंडोज ९८'च्या बाबतीत हे ११ जुलै २००६ रोजी घडले, 'एक्सपी'च्या बाबतीत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि 'विंडोज ७'च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० रोजी. 'विंडोज १०'च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी कंपनीने जादा सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर केली, तेव्हा तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली होती. अशी योजना म्हणजे निर्णय घेण्यासाठी मिळालेली सवड आहे, एवढेच तिचे महत्त्व.

मुदत संपल्यानंतरचा धोका एकदम येत नाही, तो साचत जातो. नव्या आवृत्तीतील एखादी त्रुटी दुरुस्त केली जाते, तेव्हा तीच त्रुटी जुन्या आवृत्तीतही असण्याचा संभव असतो. नव्या घराला कुलूप बसते आणि जुन्या घराची उघडी खिडकी कोणती, हे मात्र सगळ्यांना कळते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरातील संगणकांवरील फाइल्स कुलूपबंद केल्या, तेव्हा हेच दिसून आले. त्या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. 'एक्सपी'चा सपोर्ट संपून तीन वर्षे झाली असतानाही कंपनीला त्यासाठी अपवाद करून तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. असा अपवाद दर वेळी होईल, असे गृहीत धरता येत नाही.

'अँटिव्हायरस आहे, मग काळजी कसली?' हा समजही अपुरा आहे. अँटिव्हायरस ओळखीच्या चोराला अडवतो. भिंतीतले भगदाड तो बुजवू शकत नाही. शिवाय ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्याही काही काळाने जुन्या विंडोजची साथ सोडतात. गूगल क्रोमने 'एक्सपी'ची साथ २०१६ मध्ये सोडली, तर 'विंडोज ७' आणि '८.१' यांच्यासाठी १०९ ही शेवटची आवृत्ती ठरली. बँकेचे संकेतस्थळ जुन्या संगणकावर उघडत नाही, त्यामागेही असेच कारण असते. संकेतस्थळ आणि संगणक यांच्यातील संभाषण गुप्त ठेवणाऱ्या पद्धती बदलल्या. जुन्या यंत्राला त्या ठाऊकच नाहीत. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक सर्वदूर वापरले जाणारे मूळ प्रमाणपत्र संपले आणि अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या यंत्रांवर ठीकठाक असलेली संकेतस्थळेही उघडेनाशी झाली.

आधी मजकूर बाहेर काढा

म्हणून पहिले काम देखभालीचे नाही, बॅकअपचे आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चकती आणि तिच्यावर अगदी जवळून सरकणारे हेड असते. हा भाग झिजतो, आणि तो कोणत्या दिवशी बंद पडेल हे सांगता येत नाही. टकटक असा आवाज येऊ लागला असेल, तर संगणक पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात उरलेली आशा कमी होते.

संगणक चालू होत असेल, तर 'एक्सपी'वरून पेनड्राइव्हवर फाइल्स उतरवणे सोपे आहे. मात्र पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा आणि 'फॅट ३२' या पद्धतीने फॉरमॅट केलेला घ्यावा. मोठ्या क्षमतेचे नवे पेनड्राइव्ह बहुधा 'एक्सफॅट' पद्धतीचे असतात आणि जादा फाइल बसवल्याशिवाय 'एक्सपी' ते वाचत नाही. 'विंडोज ९८'ला तर सर्वसाधारण पेनड्राइव्ह ओळखताच येत नाही. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. यूएसबीची पहिली पद्धत सेकंदाला सुमारे एक एमबी एवढ्याच वेगाने चालते, म्हणजे १० जीबी मजकूर उतरवण्यास सुमारे तीन तास लागतात. घाई करू नये.

संगणक चालूच होत नसेल, तरी निराश होण्याचे कारण नाही. बिघाड अनेकदा पॉवर सप्लायमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये असतो आणि हार्ड डिस्क शाबूत असते. ती बाहेर काढून यूएसबी अॅडाप्टरच्या साहाय्याने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. जुन्या डिस्कची पट्टी रुंद, ४० पिनांची आयडीई प्रकारची असते. साधारण २००५ नंतरच्या यंत्रांत अरुंद साटा जोडणी आढळते. दोन्हींना चालणारे अॅडाप्टर बाजारात मिळतात.

उतरवलेल्या मजकुराच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यातील एक दुसऱ्या घरी ठेवावी. सीडीवर वीस वर्षांपूर्वी केलेला बॅकअप सुरक्षित आहे, असे मानू नये. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर काळाच्या ओघात खराब होतो. प्रत केल्यावर पाच-दहा फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न तपासलेला बॅकअप आणि नसलेला बॅकअप यांतला फरक बहुधा गरजेच्या वेळीच कळतो.

मराठी मजकुराची वेगळी अडचण

येथवरचा सल्ला कोणत्याही भाषेतील वापरकर्त्याला लागू आहे. मराठी घरांची अडचण याच्या पुढे सुरू होते. फाइल उतरते, नव्या संगणकावर उघडतेही. पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

याचे कारण त्या काळातील मराठी टंकलेखनात आहे. आज सर्वत्र वापरले जाणारे युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठी लिहिले जाई. त्यांच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये साठवला जाणारा संकेतांक हा रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा असे. फॉन्ट त्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र दाखवी. फॉन्ट काढून घेतला की केवळ संकेतांक उरतात. त्यातही प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. 'विंडोज एक्सपी'त युनिकोड मराठीची सोय होती, पण ती कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून सुरू करावी लागे. त्यामुळे तिच्या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

परिणामी पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेले आत्मचरित्र, कुलवृत्तांत, पाककृतींची वही किंवा छोट्या मंडळाची स्मरणिका आज त्या एका जुन्या संगणकाची ओलीस आहे. मोडी लिपीतील दप्तरे घरात असूनही घरच्यांना वाचता येत नाहीत, ही अवस्था आपल्याला परिचित आहे. मोडीला ती यायला काही पिढ्या लागल्या. येथे एकच पिढी पुरेशी ठरली.

यावर उपाय आहे आणि तो जुना संगणक चालू असतानाच करणे सोयीचे आहे. पहिली पायरी म्हणजे विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधील मराठी फॉन्टच्या फाइल्स मजकुरासोबत जपून ठेवणे. केवळ वाचण्यासाठी अनेकदा तेवढ्या पुरतात. दुसरी पायरी, महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या पीडीएफ प्रती त्याच यंत्रावर, फॉन्ट आत समाविष्ट करून तयार करणे. अशी पीडीएफ कोणत्याही यंत्रावर हुबेहूब दिसते. मात्र तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि मजकूर उचलला तर पुन्हा खिचडीच हाती येते. म्हणून तिसरी पायरी, फॉन्ट परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणणे.

परिवर्तनानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचे उलट असते. या अदलाबदलीत परिवर्तक चुकतो आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. 'सुऱ्या', 'दुसऱ्या' यांतील खास मराठी अर्धा र तर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांना बहुधा पेलत नाही. नावे, आडनावे आणि आकडे मूळ पीडीएफशी ताडून पाहावेत.

पेजमेकरमधील फाइल्सची गत याहून बिकट आहे. अॅडोबीची ७.० ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. या फाइल्स इनडिझाइनच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत उघडत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सोय नाही. मोफत मिळणारे लिबरऑफिस त्या काही प्रमाणात वाचू शकते, तथापि पानाची मांडणी विस्कटते. स्मरणिका किंवा पुस्तक पेजमेकरमध्ये असेल, तर जुन्या यंत्रावरच त्याची पीडीएफ करून घेणे श्रेयस्कर.

यंत्राची देखभाल

मजकूर सुरक्षित झाला की यंत्राकडे वळता येते. जुन्या संगणकाचा पहिला शत्रू धूळ हा आहे. कॅबिनेटमधील पंख्यावर आणि प्रोसेसरवरील हीट सिंकवर धुळीचा थर बसला की यंत्र तापते आणि अचानक बंद पडते. वायर काढून, कॅबिनेट उघडून, मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सफाई करावी; पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसर आणि हीट सिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळलेली असल्यास ती नव्याने लावून घ्यावी.

दुसरा भाग म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल. तो सीआर २०३२ या क्रमांकाचा, तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की संगणक चालू होताना तारीख अनेक वर्षे मागे जाते. तारीख चुकली की संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि इंटरनेट बिघडल्याचा भास होतो. थोडक्या खर्चाच्या या सेलपायी कित्येक यंत्रे नादुरुस्त समजली जातात.

तिसरा भाग कपॅसिटरचा. साधारण १९९९ ते २००७ या काळात तयार झालेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. उभ्या नळीसारख्या या भागाचे डोके सपाट असावे. ते फुगलेले किंवा त्यावर तपकिरी डाग दिसत असल्यास कुशल कारागीर तो बदलून देऊ शकतो. पॉवर सप्लायचा डबा आणि जुना काचेच्या पडद्याचा मॉनिटर मात्र घरी कधीही उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यांत घातक दाब शिल्लक राहू शकतो.

इंटरनेटपासून दूर

'विंडोज ९८' किंवा 'एक्सपी' आहे तसे चालवायचे असेल, तर त्याचा एकच सुरक्षित मार्ग आहे : संगणक इंटरनेटला जोडू नये. त्यावर बँकेचे व्यवहार, ई-मेल किंवा खरेदी करू नये. घरातील वाय-फायवर केवळ 'प्रिंटरपुरता' जोडणेही टाळावे, कारण एका यंत्रातून शिरलेला प्रोग्राम त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतो. पेनड्राइव्हबाबतही सावधगिरी हवी. २००८ च्या अखेरीस पसरलेला 'कॉन्फिकर' हा प्रोग्राम पेनड्राइव्हमधूनही फैलावत असे. पेनड्राइव्ह आपोआप सुरू होण्याची 'ऑटोरन' सोय बंद करावी आणि येण्याजाण्यासाठी एकच पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा.

असा एकांतातील संगणक निरुपयोगी नसतो. नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर न मिळालेला स्कॅनर, समांतर पोर्टवर चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डोंगलशिवाय न उघडणारे मराठी सॉफ्टवेअर आणि जुने खेळ यांच्यासाठी तो अनेक वर्षे काम देऊ शकतो.

जुन्या यंत्रावर नवी सिस्टीम

इंटरनेट वापरायचेच असेल, तर यंत्र तेच ठेवून ऑपरेटिंग सिस्टीम बदलता येते. लिनक्स मिंट ही त्यासाठी सोयीची आणि मोफत आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास बरे. पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय असल्याने हार्ड डिस्कवरील काहीही न पुसता वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात की नाही याची खातरजमा करता येते. युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट की-बोर्ड यांची सोय तिच्यात आहे. सी-डॅकनेही 'बॉस' या नावाने भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स आवृत्ती २००७ मध्ये आणली होती.

'विंडोज १०'च्या काळातील संगणकाला जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर त्याचा वेग लक्षणीय वाढतो. रॅम ८ जीबी केली, तर घरगुती कामांसाठी आणखी काही वर्षे निघतात. पेंटियम ४ च्या काळातील बहुतेक यंत्रांना मात्र एक मर्यादा आहे. ती ३२ बिटची आहेत आणि प्रमुख लिनक्स आवृत्त्यांनी त्यांची साथ क्रमाने सोडली आहे. मिंटची मुख्य आवृत्ती २०२० पासून ६४ बिटचीच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. शिवाय आजची संकेतस्थळेच इतकी जड झाली आहेत की ५१२ एमबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरची दमछाक होते. अशा यंत्राला इंटरनेटपासून दूर ठेवणेच योग्य.

अटी टाळून 'विंडोज ११' बसवण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात. पण अशा यंत्रांना दुरुस्त्या मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारखे प्रोसेसर तांत्रिक कारणानेच बाद झाले आहेत.

आणखी एक मार्ग आहे, संगणकाच्या आत संगणक चालवण्याचा. व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरद्वारे नव्या संगणकावरील एका खिडकीत 'एक्सपी' चालवता येते. त्याचे इंटरनेट बंद ठेवावे. जुने सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि फाइल्स त्यात ठेवल्या की मूळ यंत्र बिघडले तरी काम अडत नाही. डॉसवरील प्रोग्रामसाठी डॉसबॉक्स पुरेसे आहे. अर्थात संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो, हे ध्यानात ठेवावे.

कोठे थांबावे?

प्रत्येक यंत्र जपलेच पाहिजे, असे नाही. समजा, काचेच्या मॉनिटरसह जुना डेस्कटॉप १५० वॅट वीज घेतो. रोज पाच तास चालल्यास महिन्याला साडेबावीस युनिट होतात. ३० वॅटच्या लॅपटॉपला त्याच वापरासाठी साडेचार युनिट पुरतात. रोजच्या कामाला जुने यंत्र परवडत नसेल, तर ते अधूनमधून लागणाऱ्या कामांपुरते ठेवावे किंवा निरोप द्यावा.

निरोप देताना दोन गोष्टी पाळाव्यात. केवळ फॉरमॅट केल्याने हार्ड डिस्कवरील मजकूर नष्ट होत नाही. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारे सॉफ्टवेअर चालवावे किंवा डिस्क काढून घरी ठेवावी. आणि यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, आणि तारा जाळून तांबे काढण्याचा धूर कोणाच्या तरी वस्तीतच जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांची व्यवस्था आहे. तिचा लाभ घ्यावा.

यंत्र आज ना उद्या जाणारच आहे. त्याआधी एखाद्या रविवारी ते चालू करून, आतल्या मराठी फाइल्सची यादी करून, त्यातील जपण्याजोग्या कोणत्या हे घरातील ज्येष्ठांनाच विचारावे. कोणत्या फाइलमध्ये काय आहे आणि ती कोणत्या फॉन्टमध्ये लिहिली, हे बहुधा त्यांनाच आठवत असते. ती माहिती कोणत्याही बॅकअपमध्ये नसते.